मांडणीला नेपथ्य म्हणू नका

व्हिडिओ कलेचा विषय निघाला की एक आक्षेप हटकून पुढे येतो. व्हिडिओ म्हणजे शेवटी एक फाइल. ती पेन ड्राइव्हवर मावते, फोनवर चालते, घरबसल्या पाहता येते. मग तिच्यासाठी खिडक्या बंद करून काळी केलेली खोली, समोरासमोर टांगलेले पडदे, जमिनीवर ठेवलेले मॉनिटर असा खटाटोप कशाला? काम कसदार असेल तर ते कुठेही तग धरेल. नसेल तर क्युरेटरने कितीही आरास केली तरी तरणार नाही. चित्रकार हे बोलतात, सिनेमावाले बोलतात, प्रदर्शन अर्ध्यावर सोडून बाहेर पडलेले प्रेक्षकही बोलतात. आणि अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की आयोजक याच युक्तिवादाच्या आडोशाला जातात.

बोलणे सरळ आहे, म्हणून ते पटते. पण त्यात एक मोठी गल्लत आहे. पडदा केवढा, किती उंचीवर, प्रेक्षक त्याच्यापासून किती लांब, उभा की बसलेला, शेजारच्या दालनातून त्याच्या कानावर काय पडते आहे, हे सगळे ठरल्याशिवाय व्हिडिओचे काम पुरेच होत नाही. फाइलमध्ये यातले काहीही नसते. ते मांडणीत असते. म्हणून मांडणी चुकली की कामाची शोभा तर जातेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याचा अर्थ बदलतो, आणि कधी कधी पार उलटा होतो.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या आणि महिना संपायच्या आत पाकिस्तानने चगाईच्या डोंगरात उत्तर दिले. दोन्हीकडे पेढे वाटले जात होते. नलिनी मालानी यांचा जन्म १९४६ चा, कराचीचा; फाळणीत कुटुंब इकडे आले आणि पुढे त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. या चाचण्यांनंतर त्यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे काम केले आणि ते मुंबईत, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडले. आधार होता मंटोच्या कथेचा. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग फाळणीनंतरच्या अदलाबदलीत सरहद्दीवर नेला जातो आणि दोन्ही देशांच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या पट्ट्यात कोसळतो.

या कामात चार प्रोजेक्शन होती आणि पत्र्याच्या बारा ट्रंकांमध्ये बसवलेले बारा मॉनिटर. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया. एक भारतातली, एक पाकिस्तानातली. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. एक टोक या भिंतीवर, दुसरे टोक त्या भिंतीवर. मधे अख्खी खोली. मोठ्या भिंतीवर अणुस्फोटांची जुनी दृश्ये. जमिनीवर उघड्या ट्रंका आणि त्यांच्या आत निर्वासितांची चित्रे. घर सोडून निघालेल्या माणसाने जे उचलले ते ज्या ट्रंकेत कोंबले, त्याच ट्रंकेत आता वाकून पाहायचे.

आता हेच काम फाइल म्हणून फोनवर पाहा. पडद्याचे दोन भाग करा, डावीकडे एक बाई, उजवीकडे दुसरी. साडी दिसेल, हात दिसतील, अंतर मात्र नाहीसे होईल. दालनात उभा असलेला प्रेक्षक त्या दोघींच्या मधोमध असतो. एकीकडे तोंड केले की दुसरीकडे पाठ होते. दोघींना एकदम पाहणे शक्यच नसते. तो उभा आहे ती जागा बिशनसिंगची आहे. हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, पायाखालच्या जमिनीवरून कळते. हा अर्थ चित्रफितीत कुठेही चित्रित केलेला नाही. दोन भिंतींमधल्या अंतराने तो घडवला आहे. याला नेपथ्य म्हणायचे असेल, तर मग काम नेमके कशाला म्हणायचे?

जागेची निवडही यातलीच. खासगी दालनात ठरावीक वर्तुळातले लोक येतात. काळा घोड्याच्या त्या वस्तुसंग्रहालयात शाळांच्या सहली येतात, बाहेरगावहून मुंबई पाहायला आलेली कुटुंबे येतात. अणुबाँबचा प्रश्न ज्यांच्या नावाने परस्पर सोडवला जात होता ते हेच लोक.

मालानींचेच दुसरे, जुने काम याहून लहान आणि म्हणून याहून बिनतोड आहे. अकबर पदमसी यांनी १९६९ साली नेहरू शिष्यवृत्तीतून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. तिथे तरुण मालानींनी आधुनिक वास्तुरचनेच्या स्वप्नांवर ‘ड्रीम हाउसेस’ ही रंगीत ॲनिमेशन फीत केली. पुढे १९७६ मध्ये कृष्णधवल फीत आली: एक तरुण स्त्री उंचावरून मुंबईच्या झोपडवस्तीकडे पाहते आहे. या दोन फिती शेजारी शेजारी लावल्या की त्यांचे ‘युटोपिया’ होते. एकीत देश बांधण्याची उमेद, दुसरीत तिचा झालेला विचका, आणि दोन्हींच्या मधे सात वर्षे. एकामागून एक लावल्या तर तो निव्वळ कालक्रम होतो, आधी हे झाले आणि मग ते झाले. शेजारी लावल्या तर स्वप्न आणि त्याची परवड एकाच क्षणी नजरेसमोर राहतात आणि प्रेक्षकाला कोणतेही एक निवडून मोकळे होता येत नाही. चार मिनिटांचेही काम नाही हे. त्यातली सगळी ताकद त्या शेजारात आहे.

यावर पलटून सांगितले जाते की ही तर इन्स्टॉलेशनची उदाहरणे झाली, त्यांचा प्रकारच वेगळा. ठीक. पण व्हिडिओ कलेच्या इतिहासात ‘नुसता व्हिडिओ’ नावाची सुटी गोष्ट कुठे सापडते तेही पाहायला हवे. नाम जून पाइक यांनी १९६३ मध्ये वुपर्टालच्या गॅलरी पार्नासमध्ये पहिल्यांदा टीव्ही संच मांडले ते खोलीभर पसरून, काही आडवे, काही उलटे. ब्रूस नाउमन यांचा १९७० चा कॉरिडॉर म्हणजे दोन भिंतींमधला अर्ध्या मीटरचा बोळ. टोकाला एकावर एक ठेवलेले दोन मॉनिटर. एकावर रिकाम्या बोळाची आधी टिपलेली फीत, दुसऱ्यावर प्रवेशाशी उंच लावलेल्या कॅमेऱ्यातून थेट येणारे दृश्य. माणूस मॉनिटरच्या दिशेने चालू लागतो आणि पडद्यावर त्याला स्वतःची पाठ दिसते, तीही लांब लांब जाणारी. जितके जवळ जावे तितके आपण लहान. इथे फीत म्हणून पाहण्यासारखे काही नाहीच. भिंतींतले अंतर वाढवले, कॅमेरा खाली घेतला, की कामच संपले.

रणबीर कालेका यांचे ‘मॅन थ्रेडिंग अ नीडल’ तर आणखी नाजूक. इझलवर रंगवलेला कॅनव्हास. त्यावर सुईत दोरा ओवणारा माणूस. त्याच रंगवलेल्या माणसावर व्हिडिओतला माणूस प्रोजेक्टरने बरोब्बर बसवलेला. रंग आणि प्रकाश एकमेकांवर जुळले की चित्र श्वास घेऊ लागते. प्रोजेक्टरला कोणाचा धक्का लागून तो बोटभर सरकला की एका माणसाचे दोन होतात, कडा फाटतात आणि उरते ती एक चूक. कालेकांचे काम मांडणारा तंत्रज्ञ शिडीवर उभा राहून जो स्क्रू पिळतो, तो स्क्रू त्या चित्राचा भाग आहे.

राहिली एकाच पडद्याची कामे. इथे विरोधकांची बाजू खरोखर बळकट वाटते. एकच पडदा, एकच फीत. सिनेमासारखे बसा, पाहा, उठा. पण याच ठिकाणी वेळेचा प्रश्न उभा राहतो, आणि वेळ हीच कलादालनाची सर्वांत दुबळी बाजू आहे. चित्रपटगृहात प्रेक्षक आरंभाला येतो, खुर्चीत बसतो, दार बंद होते. दालनात तो सतराव्या मिनिटाला आत शिरतो, उभा राहतो, पुढे किती आहे हे त्याला ठाऊक नसते, मागून कोणीतरी येऊन डोकावते, आणि तो निघून जातो. त्याने जे पाहिले ते कलाकाराने केलेले नाही. तो कंटाळला असे म्हणणे सोपे आहे. त्याला कंटाळायला लावणारी जागा कोणीतरी आखली होती, हे म्हणायला कोणी तयार नसते.

जे कलाकार आणि क्युरेटर हे ओळखतात ते काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. स्टीव्ह मॅक्वीन यांनी २००९ मध्ये व्हेनिस बिएनालेच्या ब्रिटिश दालनात ‘जार्दिनी’ दाखवली ती ठरलेल्या वेळीच, आसनांवर बसवून. मन मानेल तेव्हा आत डोकावण्याची सोय नव्हती. क्रिश्चन मार्क्ले यांची ‘द क्लॉक’ ही २०१० ची कृती याच्या दुसऱ्या टोकाला आहे. हजारो चित्रपटांतली घड्याळे आणि वेळेचे उल्लेख जोडून चोवीस तासांची फीत; पडद्यावर सव्वाचार वाजतात तेव्हा त्या गावातही सव्वाचारच वाजलेले असतात. कधीही या, कधीही जा. पण मार्क्ले यांनी पडद्यासमोरचे सोफे कोणते आणि खोली कशी असावी हे ठरवून दिले आहे, आणि रात्रीचे तास दाखवण्यासाठी लंडनच्या टेट मॉडर्नसारख्या संस्थेने २०१८ मध्ये काही रात्री दारे उघडी ठेवली. एकाने दार लावून घेतले, दुसऱ्याने ते रात्रभर उघडे ठेवायला लावले; दोघांनीही प्रेक्षकाच्या वेळेचा विचार नशिबावर सोडला नाही. डग्लस गॉर्डन यांच्या ‘ट्वेंटी-फोर अवर सायको’मध्ये हिचकॉकचा १९६० चा चित्रपट इतका संथ केला आहे की तो संपायला एक पूर्ण दिवस लागतो. ग्लासगोच्या ट्रॅमवेत १९९३ मध्ये त्याचा पडदा खोलीच्या मधे टांगला होता, मागे जाऊन उलटी प्रतिमाही पाहता यावी म्हणून. तोच पडदा भिंतीला चिकटवला असता तर ते एका प्रसिद्ध चित्रपटाचे बिघडलेले प्रक्षेपण वाटले असते.

आता एका अधिक गंभीर प्रतिपक्षाकडे वळायला हवे. जर्मन कलाकार आणि लेखिका हिटो श्टायर्ल यांनी २००९ च्या ‘इज अ म्युझियम अ फॅक्टरी?’ या निबंधात वेगळी बाजू मांडली. ओक्वी एन्वेझॉर यांनी क्युरेट केलेल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या महाप्रदर्शनाच्या २००२ मधल्या अकराव्या आवृत्तीत इतका चित्रपट आणि व्हिडिओ होता की प्रदर्शनाच्या शंभर दिवसांत तो पुरता पाहणे एका माणसाला अशक्य होते, असे म्हटले गेले. श्टायर्ल यांना यात दोष दिसत नाही. सगळे पाहिल्याचा दावा कोणीच करू शकत नाही, म्हणजे सर्वज्ञ प्रेक्षक संपला. आता अनेकांनी पाहिलेले तुकडे एकत्र आले तरच काही चित्र उभे राहील. विचार मोठा आहे. पण त्याचा सोयीस्कर अर्थ काढून काही आयोजक हात झटकतात: नाहीतरी कोणी पूर्ण पाहत नाही, मग बाक कशाला, वेळापत्रक कशाला. श्टायर्ल यांनी असे काहीही म्हटलेले नाही. स्वतःचे ‘फॅक्टरी ऑफ द सन’ त्यांनी २०१५ मध्ये व्हेनिसच्या जर्मन दालनात मांडले तेव्हा अंधाऱ्या खोलीत निळ्या प्रकाशरेषांची जाळी आखली आणि प्रेक्षकांसाठी समुद्रकिनाऱ्यावरच्या आरामखुर्च्या ठेवल्या. तुकड्यातुकड्याने पाहणाऱ्यालाही टेकायला जागा लागते. प्रेक्षकाचे स्वातंत्र्य आणि आयोजकाची बेफिकिरी यांची सरमिसळ झाली की नुकसान प्रेक्षकाचेच होते.

हे नुकसान कुठे सर्वांत जास्त बोचते, तर साक्षीच्या कामांत. अमर कंवर यांचे ‘द लाइटनिंग टेस्टिमनीज’ हे २००७ च्या बाराव्या डॉक्युमेंटात दाखवलेले काम स्त्रियांवरच्या लैंगिक हिंसेविषयी आहे: फाळणी, १९७१ चे बांगलादेश, मणिपूर, गुजरात. एका खोलीत आठ पडदे, अर्ध्या तासाच्या आसपासचा अवधी. आठही ठिकाणी काही ना काही चालू असते. एका साक्षीकडे पाहताना सात साक्षी नजरेआड होतात, आणि हे पाहणाऱ्याला जाणवत राहते. हिंसेच्या इतिहासाशी समाजाचे नाते असेच असते. एक प्रकरण ऐकू येते तेव्हा उरलेली कानामागे पडलेली असतात. कंवर यांनी याच साहित्याचा एका पडद्यावरचा चित्रपटही केला आहे आणि तो दोन तासांच्या आसपास जातो. मग ते एका पडद्यावर जमतेच की, असे कोणी म्हणेल. जमते, पण त्यासाठी कलाकाराला काम नव्याने बांधावे लागले. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, कारण जे आधी जागेत पसरले होते ते आता वेळेत पसरावे लागले. फाइल कुठेही लावली तरी तीच, या दाव्याला याहून स्पष्ट उत्तर कलाकाराने काय द्यायचे?

अशा कामाला हेडफोनची एकच जोडी टांगून कोपऱ्यात लावणे, किंवा त्याच्या शेजारी दणदणत्या संगीताचा व्हिडिओ ठेवणे, याला मांडणीतली किरकोळ त्रुटी म्हणून सोडून देता येत नाही. बोलायचे धाडस केलेल्या बाईचे बोलणे ऐकू न येऊ देणे म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. व्हिडिओच्या प्रदर्शनात आवाजाची भिंत ही विटांच्या भिंतीइतकीच खरी असते, आणि ती बांधली नाही तर सगळ्यात हळू बोलणारे काम आधी मरते.

कंवर यांच्याच ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’मध्ये ओडिशातल्या जमिनीच्या लढ्यांची सामग्री आहे. त्यात हाताने बनवलेल्या कागदाचे मोठे ग्रंथ आहेत आणि चित्रफीत त्यांच्या पानांवर पडते. प्रेक्षक पान उलटतो तेव्हा प्रकाश त्याच्या बोटांवरही येतो. शेजारी भाताच्या देशी वाणांचे अडीचशेहून अधिक नमुने. हे काम भुवनेश्वरला ‘समदृष्टी’ या माध्यमसंस्थेच्या आवारातही मांडले गेले, म्हणजे जिथल्या जमिनीची ही गोष्ट त्या प्रदेशात, तिथल्या लोकांना आपल्याकडचे पुरावे त्यात भर घालता येतील अशा रीतीने. डॉक्युमेंटाच्या कासेलमध्ये जे कलेचे प्रदर्शन होते ते भुवनेश्वरात चालू खटल्याच्या कागदपत्रांसारखे झाले. साहित्य तेच. जागा बदलली, पाहणारे बदलले, कामाचे कार्यच बदलले.

विरोधकांच्या एका भीतीत तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. मांडणीच्या नावाखाली भपका माजतो. व्हॅन गॉगची चित्रे भिंतभर, छतभर फिरवणारे तिकिटाचे खेळ जगभर झाले, मुंबईतही २०२३ मध्ये झाला. त्यात ब्रशचा फटकारा पडद्यावर फुगून गुळगुळीत होतो आणि रंगाचा जाड थर, जो व्हॅन गॉगचा प्राण, तो पुसला जातो. पण हे उदाहरण कोणाच्या बाजूचे आहे? मांडणीमुळे चित्राचा अर्थ बिघडू शकतो हेच ते सिद्ध करते. बिघडवू शकणारी गोष्ट क्षुल्लक कशी असेल? अंधार आणि मोठा पडदा म्हणजे चांगली मांडणी, असा दावा कोणताही जाणता क्युरेटर करत नाही. कित्येक कामांना लहान मॉनिटर, उजेडाची खोली आणि एक साधी खुर्चीच हवी असते.

आपल्याकडे हा वाद पुस्तकी राहत नाही, कारण इमारतीच आडव्या येतात. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. तिथली प्रदर्शने भाड्याने आणि साधारण आठवडाभर चालणारी. खोली काळी करणे, प्रोजेक्टर बसवणे, आवाज तपासणे यात त्यातला एखादा दिवस सहज जातो, म्हणून व्हिडिओ करणारा तरुण कलाकार तिथे एक टीव्ही टांगून मोकळा होतो. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट (एनजीएमए), मुंबई ज्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे तो मुळात सभागृह म्हणून बांधलेला. १९९६ मध्ये त्याचे दालन झाले. अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात. वक्तृत्वासाठी बांधलेली वास्तू आवाज अडवत नाही, पसरवते. तिथे २०१८ च्या अखेरीस नॅन्सी अडजानिया यांनी नवज्योत अल्ताफ यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन क्युरेट केले. चित्रे, शिल्पे आणि व्हिडिओ अशा सगळ्या माध्यमांत काम केलेल्या कलावतीला अशा वास्तूत मांडायचे, तर कोणते काम कोणत्या मजल्यावर हा निर्णय समीक्षेच्या लेखाइतकाच बौद्धिक असतो.

कोचीत याची दुसरी बाजू दिसली. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या जे. जे.त शिकलेल्या दोघांनी उभी केलेली बिएनाले जुन्या गोदामांत भरते, आणि त्या गोदामांचा पोत तिच्या कीर्तीचा भाग आहे. पण २०२२ मध्ये मुख्य दालनांचे उद्घाटन १२ डिसेंबरवरून २३ डिसेंबरवर गेले आणि सहभागी कलाकारांनी खुले पत्र लिहून पावसाचे गळणारे पाणी, विजेचा बेभरवसा, अडकलेली सामग्री यांवर जाहीर तक्रार केली. त्याच आवृत्तीत मुंबईच्या ‘कॅम्प’ या गटाचे ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ होते: मध्य मुंबईतल्या पस्तीस मजली इमारतीवरच्या एका सीसीटीव्ही कॅमेऱ्याने टॉवरच्या शेंड्यांपासून पत्र्याच्या छपरांपर्यंत खाली उतरत टिपलेले शहर, सात पडद्यांवर. सात पडदे शेजारी शेजारी उभे राहतात तेव्हा शहराची उंची आणि खोली प्रेक्षकाच्या मानेला कळते. वीज गेली की कॅनव्हास भिंतीवर राहतो, व्हिडिओ राहत नाही. म्हणून व्हिडिओच्या बाबतीत जनरेटर आणि इलेक्ट्रिशियन हेही क्युरेटरच्याच विचारकक्षेत येतात. त्यांना वगळून कलेची चर्चा करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे.

यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या पुऱ्या करायला लंडन-न्यूयॉर्कचा खजिना लागत नाही. दाराशी अवधी लिहिलेला असावा, आणि पुढची फेरी कधी सुरू होणार तेही. बसायची सोय असावी. वीस मिनिटांचे काम उभ्याने पाहा, असे कोणत्याही आजीला सांगता येत नाही. संवाद असलेल्या दोन कामांमध्ये दालन किंवा जाड पडदा असावा. भाषा परकी असेल तर मराठी उपशीर्षके असावीत, निदान महाराष्ट्राच्या करातून चालणाऱ्या जागेत तरी. आणि सार्वजनिक संग्रहालयाने व्हिडिओ विकत घेताना फाइलसोबत कलाकाराच्या लेखी सूचनाही घ्याव्यात: किती पडदे, किती अंतर, केवढा आवाज, कोणता मॉनिटर आणि तो बाजारातून नाहीसा झाल्यावर त्याऐवजी काय चालेल. पाइक यांच्या पिढीचे काचेच्या नळीचे टीव्ही आता कारखान्यात बनत नाहीत, आणि जगभरची संग्रहालये त्यांचे सुटे भाग जमवून ठेवत आहेत.

मराठी समीक्षेचेही यात काम आहे. व्हिडिओ प्रदर्शनावर लिहिताना विषय, आशय आणि कलाकाराची भूमिका यांवर रकाने भरतात. खोलीविषयी ओळ नसते. नाटकाच्या परीक्षणात प्रकाशयोजनेची आणि ध्वनीची दखल घेतली जाते, मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचला की नाही हेही लिहिले जाते. व्हिडिओच्या परीक्षणात पडदा कुठे होता, आवाज कुठून येत होता, लोक किती वेळ थांबत होते आणि का उठत होते, हे छापून येऊ लागले तर पुढच्या प्रदर्शनाचे अंदाजपत्रक करताना बाक आणि काळा पडदा सर्वांत आधी कापण्याचे धाडस आयोजकाला होणार नाही.